डाव्या मुठीची पट्टी

चष्मेवाल्याने दादाचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि धाकट्याच्या पोटात कळ आली. ती खरीखुरी कळ होती, बरगडीखाली उठून घशापर्यंत येणारी. तो जिमच्या कोपऱ्यात पाण्याची बादली विसळत होता. विसळता विसळता त्याने मान अशी वळवली की बघतोय हे कुणाला कळू नये, आणि दिसावं मात्र सगळं.

वीस वर्षं तो हात त्याच्या मांडीवर असायचा.

लोकांना ठोसे दिसतात. ठोशाच्या आतली पट्टी कुणाला दिसत नाही. ग्लोव्हज चढवायच्या आधी मऊ कापडाची पट्टी मनगटावरून, अंगठ्याखालून, बोटांच्या बेचक्यांतून फिरवत न्यायची, सांध्यांवर घडी ठेवायची आणि वर चिकटपट्टी. सैल झाली तर हाड मोडतं, घट्ट झाली तर हात बधिर होतो. म्हणून बांधणारा दर फेऱ्याला विचारतो, "कसं वाटतंय?" आणि खेळणारा सांगतो, "सैल," "घट्ट," किंवा "बरोबर." धाकट्याला एका हाताला सात मिनिटं लागायची. त्या सात मिनिटांत हा पर्वताएवढा माणूस, ज्याला वर्तमानपत्रं 'रणगाडा' म्हणत, त्याच्यापुढे हात पसरून गपगुमान बसायचा. धाकट्याच्या वाट्याला दादा आला तो तेवढाच. बाकीचा सगळा लोकांचा.

धाकटाही एके काळी खेळला होता. अकरा लढती. त्यातल्या चार जिंकल्या, त्याही अशा की जिंकलेल्याला स्वतःलाच निकाल दोनदा विचारावा लागला. दादाचं रिंगमधलं चालणं बघितलं की त्याला वाटायचं, एकाच घरातलं जेवण जेवून हा असा आणि मी असा कसा? घराच्या भिंतीवर दादाचे सतरा फोटो होते. त्यातल्या एका फोटोत धाकट्याचाही हात होता. नुसता हात, कोपरापासून पुढचा, पाण्याची बाटली धरलेला.

आता दादा चाळिशीत होता. पुढच्या शनिवारी सव्वीस वर्षांच्या एका पोराशी त्याची लढत होती. गावातल्या ज्याला त्याला यावर मत होतं. केस कापणारा म्हणे, थांबावं, मान राखून. दूधवाला म्हणे, वाघ म्हातारा झाला तरी वाघच. मास्तर, म्हणजे दादाचे गुरू, म्हणत, "एक शेवटची." मत नसलेला माणूस एकच, धाकटा. त्याला कुणी विचारलं तर तो म्हणे, "त्याला ठाऊक." आणि खरं ठाऊक होतं ते एकट्या त्यालाच.

गोष्ट सव्वा वर्षापूर्वीची. मागच्या लढतीच्या दिवशी डाव्या हाताची पट्टी बांधताना करंगळीच्या बेचक्यात कापडाची हरभऱ्याएवढी गुठळी राहून गेली. धाकट्याच्या हातून असं कधी व्हायचं नाही. त्या दिवशी झालं, कारण दारात उभ्या फोटोवाल्यांकडे त्याचं लक्ष गेलं होतं. ते नेहमीप्रमाणे त्याला "जरा बाजूला व्हा" म्हणत होते. त्याने विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरोबर," दादा म्हणाला.

हाच दादा केसाएवढ्या सुरकुतीसाठी पट्टी तीन-तीनदा सोडायला लावायचा. धाकट्याने खाली बघितलं, गुठळी दिसली. पुढचा फेरा त्याने मुद्दाम आवळला. इतका की नखं निळी पडली.

"आता?"

"बरोबर आहे रे. चल, आटप."

धाकट्याने काही न बोलता पट्टी सोडली आणि नव्याने नीट बांधली. दादा ती लढत एकट्या उजव्या हातावर जिंकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं, रणगाडा अजून चालतो.

मग सांगितलं का नाही? याचं उत्तर आणखी मागे, पाच वर्षांपूर्वीच्या एका जेवणात होतं. तेव्हा दादाला एक राउंड जड गेला होता आणि धाकटा साधेपणाने म्हणाला होता, "दादा, आता पुरे कर." वीस माणसं पंक्तीला होती. दादा मांडीवर थाप मारून हसला होता. "बघा, याच्या पोटात दुखतंय! अकरा लढतींत आटपलं याचं, आता मलाही घरी बसवायला निघालाय!" सगळी पंगत हसली. धाकटाही हसला. दादा खोटं बोलला असता तर तो दोन दिवसांत विसरून गेला असता. ते खरं होतं, म्हणून रुतून बसलं.

त्या दिवसापासून त्याने मनाशी एक ठरवलं होतं. दादाबद्दल जे बोलायचं ते मन स्वच्छ झालं की बोलायचं. हाताचं कळल्यावरही तो रोज पहाटे अंथरुणात उठून बसायचा आणि तांदूळ निवडावेत तसं मन निवडायला घ्यायचा. काळजी होती का? होती. भीती? तीही होती. पण प्रत्येक वेळी दोन दाण्यांआड तो खडा सापडायचाच: दादा थांबला तर आपण बरोबरीला येऊ. आज नको, उद्या सांगू, असं म्हणून तो उठायचा. असे चारशेच्या आसपास उद्या झाले.

आणि मग चष्मेवाला आला.

आयोजकाने पाठवला होता म्हणे. अंगात स्वच्छ पांढरा कोट, पट्ट्या ठेवायला कप्प्याकप्प्यांची पेटी, आणि हात लावण्याआधी "सर, परवानगी आहे?" असं विचारायची पद्धत. दादाने धाकट्याला एवढंच सांगितलं, "या वेळी पट्टी हा बांधेल. तू बादली आणि स्टूल बघ." इकडे न बघता सांगितलं. धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तो म्हणाला, "बरं."

त्या रात्री त्याने हाताची गोष्ट मनात घट्ट बांधून टाकली. एवढा शिकलेला आणलाय ना, मग शोधू दे त्यालाच.

गुरुवारी वहिनीने त्याला गाठलं. ती वाळलेले कपडे काढत होती. धाकटा समोर दिसताच तिने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं आपण धरलं.

"भाऊजी, एक विचारू? हसणार नसाल तर."

"विचारा की."

"ह्यांनी ही लढत खेळावी का हो?"

"मास्तर काय म्हणतात?"

"मास्तरांचं नका सांगू. ते म्हणतात, एक शेवटची. मागेही म्हणाले होते, त्याच्या मागेही. त्यांच्या शेवटाला काही शेवट आहे का?" चादरीची घडी घालत ती जवळ आली आणि तिने आवाज खाली आणला. "मी तुम्हाला विचारतेय. ह्यांचे हात तुमच्याइतके कुणी हाताळलेत? बायको असून मीसुद्धा नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी दारात आडवी पडेन. तुम्ही हो म्हणालात तर गप्प बसेन."

सांगावं, आत्ता सांगावं, असं धाकट्याच्या ओठांवर आलं. तेवढ्यात अंगणाच्या फाटकातून दादा आणि चष्मेवाला आत आले. चष्मेवाला काहीतरी सांगत होता आणि दादा मान मागे टाकून हसत होता, जसा तो धाकट्याबरोबर कधी हसला नव्हता.

"ते हात आता नव्या माणसाकडे आहेत ना वहिनी," धाकटा म्हणाला. "त्यालाच विचारा. तो शिकलेला आहे."

वहिनीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग चादर काखेत घेतली. "बरं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या 'बरं'ने धाकट्याची दोन दिवस भूक मारली. तरी तो तिच्या मागे गेला नाही.

शनिवारी लढत दुपारी चारची होती. तीन वाजता ड्रेसिंग रूममध्ये दादा खुर्ची उलटी करून बसला होता. चष्मेवाला समोर स्टुलावर. पट्टी बांधताना समोरच्या गटाचा एक माणूस हजर असतो, आत कुणी दगड-लोखंड भरू नये म्हणून. तो भिंतीला टेकून शेंगदाणे खात होता. पंचांचा माणूस पेन घेऊन उभा होता. बांधून झालेल्या पट्टीवर तो सही करतो, म्हणजे मग ती कुणाला सोडता येत नाही. टेबलाशी डॉक्टरबाई कागद भरत होत्या. दादाचा रक्तदाब त्यांनी नुकताच बघितला होता आणि बरा निघाला होता. धाकटा दाराशी, एका हातात बादली, दुसऱ्यात स्टूल. कॉरिडॉरमधून प्रेक्षकांचा गलका आत येत होता.

"बसूनच राहा राजा," मास्तर दादाच्या खांद्यावर थोपटत म्हणाले. "उभा राहिलास तर छप्पर वर सरकवावं लागेल."

"मास्तर, तुम्हीच बसा. तुमचे पाय माझ्याआधी थरथरतायत," दादा म्हणाला. शेंगदाणेवालासुद्धा हसला.

उजवा हात झाला. चष्मेवाल्याने डावा घेतला. मनगट, अंगठा, बेचक्या. धाकटा प्रत्येक फेरा मोजत होता. तिसरा फेरा तिरका गेला. तो गेला हे आपल्याला दिसलं आणि कपाळकरंट्या चष्म्याला दिसलं नाही, याचा त्याला आनंद झाला.

"कसं वाटतंय, सर?"

"वा!" दादा म्हणाला. "फुलासारखा वाटतोय हात. खोटं नाही सांगत, वीस वर्षांत माझा हात असा कुणी बांधला नव्हता."

मास्तर वळले. "ऐकलंस का रे धाकट्या? बघून ठेव जरा, शिकून घे!"

पुढे काय झालं ते धाकट्याला पुष्कळ दिवस नीट आठवत नव्हतं. बादली खाली आपटलेली आठवत होती, आणि पायावर उडालेलं पाणी.

"फुलासारखा?" तो ओरडला. हा माणूस ओरडू शकतो हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. "त्याला फूल कळत नाही नि धोंडा कळत नाही! डावा हात मेलाय त्याचा! सव्वा वर्ष झालं! त्या हाताला काथ्या बांध, तार बांध, तो 'बरोबर'च म्हणेल! आणि याचं कौतुक! याचं!"

शेंगदाणेवाल्याचं तोंड अर्ध्यावर थांबलं. धाकट्याला आपला आवाज भिंतीवरून परत आलेला ऐकू आला, आणि आपण काय बोलून बसलो ते कळलं. रोज पहाटे निवडून निवडून जे बाहेर पडत नव्हतं, ते खड्यांसकट एका दमात बाहेर सांडलं होतं.

"चढलीय त्याला," दादा म्हणाला. "मास्तर, बाहेर काढा त्याला."

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या उठल्या, त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि दादाच्या डोळ्यांवर टाकला. "मी बोटाच्या टोकाला पेन लावते. कुठलं ते सांगा."

"बाई, चारला लढत आहे माझी."

"म्हणूनच. हं, सांगा."

पट्टीतून बोटांची टोकं बाहेर होती. बाईंनी करंगळीला पेन टेकवलं.

"अंगठा," दादा म्हणाला.

त्यांनी अंगठ्याला टेकवलं. दादा काहीच बोलला नाही. मग बाईंनी पेन मागे घेतलं आणि कशालाच न लावता हवेत धरलं.

"मधलं," दादा ठासून म्हणाला. "मधल्या बोटाला लावलंत."

पंचांच्या माणसाने आपल्या पेनाला टोपण लावलं. त्याचा 'टक्' आवाज सगळ्यांनी ऐकला.

बाईंनी टॉवेल काढला. "मान दुखते?"

"डावीकडे वळवली की… थोडी."

"दोष हातात नाही, मानेत आहे," बाई हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आज हनुवटीवर एक ठोसा नीट बसला, तर तुम्ही घरी चालत जाल याची मी हमी देऊ शकत नाही. हा कागद मी फाडतेय."

मग एकच धावपळ उडाली. शेंगदाणेवाला बातमी घेऊन पळाला, मास्तर आयोजकाला शोधायला धावले, बाई पंचांच्या माणसाबरोबर गेल्या. चष्मेवाल्याने पेटी बंद केली, दादाकडे बघून "सर, मला खरंच कळलं नाही," असं म्हणाला आणि निघून गेला. दार लोटलं गेलं. खोलीत दोघे भाऊ उरले, आणि जमिनीवरचं पाणी.

"झालं समाधान?" दादाने विचारलं.

धाकट्याने कपाटावरची कात्री घेतली, स्टूल ओढलं आणि डावा हात मांडीवर घेतला. दादाने ओढून घेतला नाही. पट्टी कापत कापत धाकटा म्हणाला, "मला मागच्याच लढतीला कळलं होतं."

"ठाऊक आहे."

कात्री थांबली.

"नखं निळी केलीस ना माझी," दादा म्हणाला. "कळलं काहीच नाही, पण नजर गेली म्हणून दिसली. तेव्हाच म्हटलं, याला लागला पत्ता. तुला काय वाटलं, तुला आयोजकाने काढलं? अरे, त्याला पट्टी हाताला बांधतात की गुडघ्याला तेही माहीत नाही. मीच सांगितलं त्याला, नवा माणूस आण म्हणून. ज्याला माझे हात ओळखता येणार नाहीत असा."

धाकट्याने आणखी एक वेढा कापला. दोन महिने ज्याच्यावर तो रात्रंदिवस जळत होता, त्याची निवडच मुळी अडाणीपणासाठी झाली होती.

"मग मला गप्प बस म्हणायचंस. मी बसलो असतो."

"बसलाच होतास की!" दादाचा आवाज चिरकला. "त्या लढतीनंतर महिनाभर मी वाट बघितली. म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. मी चिडेन, शिव्या देईन, पण हा बोलेल. तू बोलला नाहीस. मग मला दुसरीच भीती वाटायला लागली. म्हटलं, सख्खा भाऊ असून गप्प आहे, म्हणजे याला मला पडलेलाच बघायचंय."

पट्टीचा शेवटचा वेढा सुटून खाली पडला. आतला हात पांढरा, सुरकुतलेला, पाण्यात राहिल्यासारखा. धाकट्याने तो सोडला नाही.

"थोडं तसंही होतं," तो म्हणाला.

"थोडं?"

"बरंच."

दादाने श्वास सोडला. "आणि आज? आज पुळका आला का?"

"नाही." खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं. "तू त्याला चांगलं म्हणालास म्हणून बोललो. नाहीतर आजही बोललो नसतो."

बाहेर कुणीतरी कर्ण्यावरून लढत रद्द झाल्याचं सांगत होतं, आणि त्या सांगण्यावर शिट्ट्यांचा आणि शिव्यांचा लोंढा कोसळत होता. दादा ते ऐकत राहिला. वीस वर्षं ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, तेच आता त्याच्या नावाने ओरडत होते. त्याचे डोळे भरले, आणि ते पुसायला त्याने डावा हात उचलला, तो नाकाला लागला. मग त्याने उजव्याने पुसले.

"सैल बांधलंय रे बेट्याने," उजवा हात पुढे करत तो पुटपुटला. "उजव्याला अजून कळतं ना मला. पहिल्या राउंडलाच सुटली असती."

असल्या वेळी, भावाचं सगळं संपलं असताना, धाकट्याला ते ऐकून आतून गार वाटलं. आणि गार वाटलं याची इतकी लाज वाटली की त्याने मान खाली घातली आणि उजव्या हाताची पट्टी कापायला घेतली.

दोन्ही हात मोकळे झाले. धाकट्याने खुंटीवरचा सदरा आणला, दादाच्या अंगात चढवला आणि बटणाला हात घातला.

"नको," दादा म्हणाला. "हिला बोलाव."

पुन्हा तीच कळ, बरगडीखाली. पण तो गेला. वहिनी कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीशी उभी होती. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"वहिनी, गुरुवारी मी तुम्हाला—"

"नंतर, भाऊजी," ती म्हणाली आणि आत गेली. माफ केलं असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

धाकटा दारापाशी थांबला. तेवढ्यात आयोजक घामाघूम होऊन आला. "हो बाजूला. बोलायचंय मला त्याच्याशी. दुसरा डॉक्टर आहे माझ्याकडे, महिन्याभरात सही आणतो, पुन्हा तारीख लावतो."

"आत्ता नाही."

"तू कोण रे सांगणारा? बादलीवाला ना तू?"

"हो," धाकटा म्हणाला, आणि दार अडवून उभा राहिला.

दार आतून उघडलं. दादा उभा होता, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, लहान मुलाला शाळेत पाठवताना लावतात तशी. त्याने आयोजकाकडे बघितलं.

"तारीख नको लावू," तो म्हणाला. "माझं खेळून झालं."

"अरे, पण लोक—"

"लोकांना तूच सांग. मी आज चालत घरी जाणार आहे."

वहिनीने त्याचा डावा हात कोपरापाशी धरला होता. ती जागा आपली आहे असं धाकट्याला वाटलं. तिथे तिला बघून मन पुन्हा एकदा आंबलं. पण कॉरिडॉर अरुंद होता, पुढे माणसांची गर्दी होती आणि दादाला जाताना धक्का लागायला नको होता. उजव्या बाजूला कुणी नव्हतं. धाकटा तिकडे गेला.